रेशमाचा धागा आणि जैवतंत्रज्ञान अभियंता

बंगळूर शहरातील चिकपेट ही रेशमी साड्यांची जुनी बाजारपेठ होय. तेथील साडीची झळाळी कच्च्या धाग्यात मात्र दिसत नाही. रेशीमकिडा आपल्या तंतूवर सेरिसिन नावाच्या चिकट प्रथिनाचा लेप चढवितो. कच्च्या रेशमाच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा या लेपाचाच असतो. साबण व सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात तो काढून टाकण्याची रीत जुनी आहे. परंतु तीत इंधन पुष्कळ लागते व धाग्यासही इजा पोहोचू शकते. बॅसिलस प्रजातीच्या जिवाणूंपासून मिळणारे प्रथिनभेदक विकर, म्हणजेच एन्झाइम, हेच कार्य कमी उष्णतेत करते.

असे विकर प्रयोगशाळेतील चंबूत तयार करणे निराळे आणि हजारो लिटरांच्या टाकीत तयार करणे निराळे. मोठ्या टाकीत प्राणवायू सर्वत्र सारखा पोहोचत नाही, उष्णता साचते, परके जंतू शिरतात. या अडचणींचे निवारण करणारा तो जैवतंत्रज्ञान अभियंता. म्हणूनच चार वर्षांच्या पदवी-अभ्यासक्रमात त्याला जीवरसायनशास्त्राबरोबर गणित व उष्णतावहनही शिकावे लागते.

१९७८ साली किरण मजुमदार यांनी बंगळुरात ‘बायोकॉन’चा आरंभ केला, तो पपईतील पपेनसारख्या विकरांच्या निर्मितीने, पुढे तेथे इन्सुलिनही बनू लागले. १९८६ साली केंद्र शासनाने स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग स्थापिला. लसी, औषधे, अन्नप्रक्रिया व सांडपाण्याचे शुद्धीकरण या क्षेत्रांत अशा अभियंत्यांस वाव आहे. मात्र संशोधनाच्या जागांसाठी बहुधा पदव्युत्तर शिक्षण आवश्यक असते. हे जाणूनच विद्यार्थ्याने ही वाट धरावी.