फडावरची तार आणि जबाबदारी कोणाची?



गळीत हंगाम जवळ आला की आमच्या शेती खात्याकडे एकच विचारणा असते, 'साहेब, आमची तोड कधी?' यंदा तोडीच्या आधी तारांविषयी चार गोष्टी सांगणे आम्हाला भाग वाटते. दोन हंगामांमागची एक दुपार काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. जेवायला बसणार तोच गट ऑफिसात निरोप आला, फड पेटला. आम्ही मोटारसायकलीवरून पोहोचलो तेव्हा पूर्वहंगामी उसाचे पाचट धडाधडा जळत होते आणि बांधावर म्हातारे सभासद डोक्याला हात लावून बसले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. म्हणाले, 'वारं सुटलं, दोन तारा एकमेकींवर आपटल्या नि ठिणग्या खाली. ह्या डोळ्यांनी बघितलं बघा.' दोन खांबांच्या मध्ये तारांना चांगलाच झोळ पडला होता. एक खांब काळ्या रानात कलला होता. वायरमनला दोनदा सांगितले होते म्हणे; तोंडी.

जळका ऊस ठेवता येत नाही हे तुम्हाला आम्ही काय सांगावे? वजन घटते, रस बिघडतो, उतारा पडतो. आम्ही पाळी सोडून त्याच रात्री टोळी लावली आणि मोठे काम केले अशा समाधानात घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला, तारा ओढून ताठ केल्या, खांबाला ताण दिला नि गेला. आठ दिवसांनी अण्णांनी भरपाईचा अर्ज केला. पाहायला येणाऱ्याला दिसले काय? मोकळे रान आणि ताठ तारा! पंचनामा नाही, फोटो नाही. आमच्या स्लिपेवर 'जळीत' एवढाच शब्द आणि पुढे कपात. वीज कंपनीने हात वर केले. यात त्यांचा दोष आहेच, पण घाईत पुरावा तोडून गव्हाणीत टाकला तो आम्हीच, हेही कबूल केले पाहिजे.

आता नियम काय म्हणतात ते पाहू. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत तारेची जमिनीपासूनची उंची ठरवून दिलेली होती. 11 के.व्ही.पर्यंतची उघडी तार शेतातून जात असेल तर किमान 4.6 मीटर, म्हणजे सुमारे पंधरा फूट. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार 5.8 मीटर, उच्चदाबाची 6.1 मीटर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 साली नवे विनियम काढले त्यातही हेच आकडे राहिले; 2023 साली ते विनियमही नव्याने आले. ही उंची खांबापाशी मोजायची नसते. झोळ जिथे सर्वांत खाली येतो तिथे ती भरली पाहिजे. उन्हाने आणि भाराने तार लांबते, हे कंपनीच्या इंजिनिअरला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

त्याच 1956 च्या नियमांत आणखी एक कलम होते, ते फार लोकांना माहीत नाही. रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून जाणारी तार तुटली तर ती आपोआप निर्धोक व्हावी, अशी सोय लाईनला असलीच पाहिजे. म्हणजे तुटलेली तार जिवंत पडून राहिली, तर 'तार तुटली, आम्ही काय करणार' हे उत्तर पुरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हेच ठणकावून सांगितले. मध्य प्रदेशात 1997 च्या ऑगस्टमध्ये एक कामगार रात्री सायकलवरून घरी निघाला होता. रस्त्यावर पावसाचे पाणी, त्यात तुटलेली जिवंत तार. माणूस जागीच गेला. तिथल्या वीज मंडळाचे म्हणणे, कोणीतरी आकडा टाकून वीज चोरत होता, त्याची ती तार. न्यायालयाने ते ऐकले नाही. इतकी धोक्याची वस्तू जो पुरवतो, त्याने ती बाहेर सुटू न देण्याची काळजी घ्यायची. सुटून कोणाचा जीव गेला तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई द्यायची. तो खटला माणसाच्या जिवाचा होता. उसाला तेच माप सरसकट मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण पुरावा हातात असला तर बोलायला तोंड राहते, आणि जळिताची प्रकरणे ग्राहक न्यायालयांपर्यंत गेलेलीही आहेत. तिथे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

इथे एक बारकावा ध्यानात घ्या. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 161 प्रमाणे विजेने माणूस किंवा जनावर दगावले अथवा जखमी झाले, तर कंपनीने विद्युत निरीक्षकाला कळवायचे असते. मृत्यू असेल तर 24 तासांत. हा निरीक्षक कंपनीचा नोकर नाही, शासनाचा आहे. त्या कलमात नुसत्या पिकाचा उल्लेख नाही. तेव्हा फड जळाला तर आपण होऊन कोणी कळवील म्हणून वाट पाहू नका. अर्ज तुमचा तुम्हीच द्यायचा: कंपनीच्या कचेरीत, पोलीस ठाण्यात, तलाठ्याकडे आणि निरीक्षकाकडे, आणि प्रत्येकाची पोच घ्यायची. तारा ओढायच्या आधी खांबासकट फोटो. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहेच.

आपल्या बाजूचीही थोडी झाडाझडती हवी. आकडे टाकणारे आपल्यातच आहेत. डीपीत फ्यूजच्या जागी जाडजूड तार गुंडाळणारेही आहेत. मग बिघाड झाला तरी वीज तुटणार कशी? ताणाच्या तारेला म्हैस बांधू नये हे दरवर्षी सांगावे लागते. ट्रॉली पंधरा फुटांना भिडेल अशी भरू नका आणि वाढे वर रचून त्यावर माणूस बसवू नका. तार ट्रॉलीला लागलीच तर ड्रायव्हरने जागेवरच बसावे, वीज बंद होईपर्यंत खाली उतरू नये. आग लागून उतरावेच लागले तर दोन्ही पाय जोडून उडी मारावी. एक पाय पायरीवर नि एक जमिनीवर असे कदापि करू नये. टोळ्यांच्या कोप्या तारेखाली बसवणार नाही, ही जबाबदारी मुकादमाइतकीच आमच्या चिटबॉयची.

शेती खात्याने यंदापासून एवढे ठरवले आहे: जळिताचा निरोप आला की टोळीच्या आधी आमचा माणूस फडावर येईल, शेतकऱ्यासमक्ष फोटो घेईल आणि स्लिपेवर 'जळीत'च्या पुढे शेतकऱ्याने सांगितलेले कारणही लिहील. अर्जाचे नमुने गट ऑफिसात ठेवले आहेत.

पहिला नमुना अण्णाच घेऊन गेले. त्यांच्या ओढ्याकाठच्या खोडव्यावरून जाणाऱ्या तारेला झोळ पडला आहे. यावेळी त्यांनी वायरमनला तोंडी सांगितले नाही. कचेरीच्या शिक्क्याची पोच त्यांनी आम्हाला मुद्दाम आणून दाखवली. तार अजून ओढलेली नाही. पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्याबरोबर त्या कचेरीत जाणार आहोत.