स्मारक नाण्यांची दर्शनी किंमत : विधिग्राह्यता आणि परतफेड

नाण्यावर कोरलेला आकडा हाच त्याच्या मूल्याचा राजमान्य पुरावा होय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि हातोहात फिरणाऱ्या नाण्यांपुरती ती व्यवहारात खरीही ठरते. परंतु केवळ संग्राहकांसाठी पाडलेले स्मारक नाणे घेऊन कोणी बँकेत गेला आणि त्यावर लिहिलेली रक्कम मागू लागला, तर त्या आकड्यामागे नेमके कोणाचे वचन उभे आहे, हा प्रश्न उपस्थित होतो. ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१६ या काळात तो केवळ तात्त्विक राहिला नाही.

२०१३ साली तेथील शाही टांकसाळीने चांदीचे वीस पौंडांचे नाणे वीस पौंडांनाच विकण्यास काढले. नाण्याचे वजन १५.७१ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या औंसाहून किंचित अधिक. आणि त्या वेळच्या भावाने त्यातील चांदी सात पौंडांच्या आसपासची. पुढे पन्नास आणि शंभर पौंडांचीही नाणी अशाच रीतीने निघाली. शंभर पौंडांच्या नाण्यात दोन औंस चांदी होती. तिची किंमत २०१४ च्या अखेरीस वीस पौंडांच्या जवळपास भरत असे.

ग्राहकाचा हिशेब उघड होता. चांदी महागली किंवा संग्राहकांची मागणी वाढली तर नफा आपला. न वाढली तर नाणे बँकेत भरून मूळ रक्कम परत घ्यावयाची. अर्थशास्त्राच्या भाषेत, वस्तूबरोबर ती ठरावीक किमतीस परत विकण्याचा हक्कही त्याला फुकट मिळत होता, निदान तसे त्यास वाटत होते. काही चतुर मंडळींनी तर उधारीच्या कार्डावर शंभर पौंडांची नाणी घेतली, त्या खरेदीवर विमानप्रवासाचे गुण जमा केले, आणि नाणी बँकेत भरून कार्डाचे देणे फेडण्याचा क्रम आरंभिला. अमेरिकेत २००८ पासून टांकसाळ एक डॉलरची नाणी घरपोच पाठवू लागली तेव्हाही हाच प्रकार घडला होता, व २०११ मध्ये त्या योजनेत कार्डाने पैसे घेणे बंद करावे लागले. मात्र अमेरिकेतील ती नाणी चलनासाठीच पाडलेली असल्याने बँकांस ती नाकारण्याचे कारण नव्हते. ब्रिटनमध्ये हा आधार नव्हता. बँका नाणी नाकारू लागल्या, आणि २०१६ च्या आरंभी टांकसाळीने खुलासा केला की ही नाणी विधिग्राह्य असली तरी व्यवहारात फिरण्यासाठी नाहीत, व ती स्वीकारण्याचे बंधन बँकांवर वा दुकानदारांवर नाही.

या खुलाशाने अनेकांस फसवणूक झाल्यासारखे वाटले. तथापि कायद्याच्या दृष्टीने त्यात नवे काही नव्हते. 'विधिग्राह्य चलन' या संज्ञेचा ब्रिटिश कायद्यातील अर्थ फार संकुचित आहे. ऋणकोने देणे असलेली नेमकी रक्कम अशा चलनात न्यायालयात भरली, तर न फेडल्याबद्दल त्याच्यावरील दावा यशस्वी होऊ शकत नाही, एवढेच ते संरक्षण. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात व्यवहारापूर्वी देणेच अस्तित्वात नसते, म्हणून दुकानदार ते चलन नाकारू शकतो. बँकेत रक्कम भरताना तर ऋणको-धनकोचे नाते उलटे होते : ठेव स्वीकारून बँकच ऋणको बनते, आणि असे देणे पत्करण्याची सक्ती तिच्यावर कोणी करीत नाही. विधिग्राह्यता ही ऋणकोची ढाल आहे, धारकाची हुंडी नव्हे. परत घेण्याचे वचन त्यात गर्भित नसते; ते नाणे काढणाऱ्याने स्वतंत्रपणे द्यावे लागते.

प्रस्तुत लेखकाच्या मते टांकसाळीची नैतिक बाजू मात्र लंगडी आहे. सात पौंडांच्या धातूस वीस पौंड मिळाले ते त्यावरील आकड्याच्या बळावर. त्या आकड्याचा लाभ घ्यावयाचा आणि भार मात्र नाकारावयाचा, हे बरोबर दिसत नाही.

कॅनडात हा भार हिशेबात आला. तेथील टांकसाळीने २०११ पासून वीस डॉलरांचे चांदीचे नाणे वीस डॉलरांना विकले. त्यात चांदी जेमतेम आठ ग्रॅम. ही नाणी दर्शनी किमतीने परत येऊ लागल्यावर टांकसाळीस पुढे आपल्या वार्षिक ताळेबंदात त्यासाठी दायित्व दाखवावे लागले. विक्री झाली तेव्हा जे उत्पन्न वाटले, त्याचा काही अंश वस्तुतः कर्ज होता. तेथील चलनविषयक कायद्यात आणखी एक मौजेची तरतूद आहे : दहा डॉलरांहून अधिक किमतीचे नाणे देणे फेडताना एका वेळी एकच विधिग्राह्य ठरते.

भारतात परिस्थिती उलट आहे. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार एक रुपया व त्याहून अधिक किमतीची नाणी एक हजार रुपयांपर्यंत विधिग्राह्य आहेत, आणि स्मारक नाण्याची व्याख्याही त्याच अधिनियमात आहे. परंतु मुंबई किंवा कोलकाता टांकसाळीतून मिळणारी चांदीची स्मारक नाणी दर्शनी किमतीहून पुष्कळ अधिक दराने विकली जातात. २०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त निघालेले पंचाहत्तर रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे असून त्यात निम्मी चांदी आहे; त्या चांदीचीच किंमत दर्शनी किमतीच्या अनेक पट होती. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यात १२ ग्रॅम चांदी आहे. आज ते दहा रुपयांस कोण देईल? येथे परतफेडीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि टांकसाळीवर भारही पडत नाही. ग्राहकाचा धोका मात्र वेगळ्या ठिकाणी आहे : धातुमूल्याहून अधिक दिलेल्या रकमेस नाण्यावरील आकड्याचा कोणताच आधार नसतो. बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त २०१० साली निघालेल्या एक हजार रुपयांच्या नाण्यात २८ ग्रॅम चांदी होती, आणि त्या वर्षीच्या भावाने तिचे मूल्य दर्शनी किमतीपासून फार दूर नव्हते. पुढे आलेला अधिनियम लावून पाहिला, तर ते एकच नाणे विधिग्राह्यतेची सारी मर्यादा व्यापते. दुसरे नाणे त्याच देण्यापोटी पुढे केल्यास धनको ते नाकारू शकेल.