कळफलक आणि माऊस : हाताची पारख

फेब्रुवारी २०२२ मध्ये चेन्नईच्या आर. प्रज्ञानंद या सोळा वर्षांच्या खेळाडूने ‘एअरथिंग्ज मास्टर्स’ या इंटरनेटवरील जलद बुद्धिबळ स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याला हरवले. या डावात लाकडी पट नव्हता आणि हातात धरायचे मोहरेही नव्हते. दोघेही आपापल्या संगणकासमोर बसून खेळत होते. अशा खेळात मोहरा बहुधा माऊसचे बटण दाबून धरून ओढत न्यायचा आणि हव्या त्या घरावर सोडायचा असतो. वाटेत बटण क्षणभर जरी सुटले, तरी वजीर भलत्याच घरात जाऊन उभा राहतो आणि झालेली खेळी मागे घेता येत नाही. बुद्धी कितीही तल्लख असो, हातातील अवजाराने दगा दिला की डाव गेलाच.

म्हणून संगणकावरील खेळांसाठी कळफलक, म्हणजेच कीबोर्ड, आणि माऊस घेताना थोडा विचार करावा लागतो. चेन्नईत अण्णा सालईलगत रिची स्ट्रीट नावाची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकाने आणि काउंटरवर रांगेने मांडलेले रंगीत दिव्यांचे कळफलक. नवखा ग्राहक प्रथम या दिव्यांना भुलतो. खरे तर दिव्यांमुळे कळ लवकर दाबली जात नाही. अंधारात अक्षरे दिसतात, एवढाच त्यांचा उपयोग. पैसे मोजायचे ते आतल्या यंत्रणेसाठी.

वायरचा संच घ्यावा की बिनवायरचा? आजचे उत्तम बिनवायरचे माऊसही वेगात कमी नाहीत. परंतु ते महाग असतात. वायरच्या माऊसला बॅटरी लागत नाही आणि ऐन खेळात तो चार्जिंगअभावी बंद पडत नाही. मोजक्या पैशांत चांगली वस्तू हवी असेल, तर वायरचाच संच घेणे शहाणपणाचे. मात्र वायर माऊसमध्ये शिरते ती जागा नीट पाहा. वायर बहुधा तेथेच तुटते. वायर जाड व ताठ असेल तर ती हाताला मागे ओढते. मऊ व लवचिक वायर बरी.

आता कळफलकाच्या आत डोकावू. स्वस्त कळफलकात प्रत्येक कळीखाली रबराची छोटी घुमटी असते. कळ दाबली की घुमटी खचते, खालचे दोन पातळ पडदे एकमेकांना टेकतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते. कालांतराने रबर सैल पडते व कळा जड किंवा मंद वाटू लागतात. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीतील चेरी कंपनीने १९८० च्या दशकात असे स्विच रूढ केले. त्यांचे रंगही ठरून गेले आहेत : लाल स्विच सरळ व मऊ दाबला जातो, तपकिरी स्विच दाबताना बोटाला किंचित अडथळा जाणवतो आणि निळा स्विच टक्कन वाजतो. कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते. पण निम्म्या वाटेवरच संगणकाला इशारा मिळतो. एका खोलीत सारे कुटुंब झोपत असेल, तर निळा स्विच घेऊ नये. रात्रभर टकटक ऐकून घरचे कळफलकच बाहेर फेकतील!

आणखी एक दोष दुकानदार सहसा सांगत नाही. कळफलकातील तारा आडव्या-उभ्या जाळीत गुंफलेल्या असतात. काही विशिष्ट तीन कळा एकदम दाबल्या, तर साध्या कळफलकाला त्या नीट ओळखता येत नाहीत आणि तिसरी कळ गळते. खेळात पुढे पळणे, वळणे आणि उडी मारणे एकाच वेळी करावे लागते, तेव्हा ही उणीव नडते. तिची परीक्षा सोपी आहे. दुकानातील संगणकावर नोटपॅड उघडा, डावी व उजवी शिफ्ट दाबून धरा आणि इंग्रजी ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतची अक्षरे टंकलिखित करा. कोणती अक्षरे उमटली नाहीत, ते लगेच दिसेल. नंतर खेळात लागणाऱ्या कळाही अशाच एकत्र दाबून पाहा.

माऊसच्या खोक्यावर ‘डीपीआय’चा मोठा आकडा छापलेला असतो. माऊस एक इंच सरकवल्यावर तो किती टप्पे मोजतो, हे त्यावरून कळते. ८०० डीपीआय असेल आणि संगणकात वेगाचा इतर कोणताही बदल केलेला नसेल, तर १९२० बिंदू रुंदीचा पडदा ओलांडायला सुमारे अडीच इंच हालचाल पुरते. मग सोळा हजारांचा आकडा कशाला? तो बहुतांशी जाहिरातीसाठी. दुसरा आकडा ‘हर्ट्झ’चा. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी, आपली जागा कळवतो. गेमिंग माऊस १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. वेगवान खेळात हा फरक थोडाफार जाणवेल, बुद्धिबळात मुळीच नाही.

आकड्यांपेक्षा तळहाताला महत्त्व द्या. कोणी सारा तळवा माऊसवर टेकवतो, तर कोणी बोटांच्या टोकांनीच तो धरतो. मोठ्या हाताला छोटा माऊस दिला तर बोटे आखडतात व मनगट दुखते. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचाच माऊस घ्यावा. बटण वीसपंचवीस वेळा दाबून पाहा, मग ते दाबून धरून एखादे चित्र पडद्यावर इकडून तिकडे ओढा. चित्र वाटेत गळून पडले, तर तो माऊस परत करा. चेन्नईच्या दमट हवेत तळहाताला घाम सुटतो. रबरी मुलामा दिलेला मऊ माऊस प्रथम सुखद वाटतो. पण अशा हवेत कालांतराने तो चिकट होतो. खरखरीत प्लास्टिक अधिक टिकते.

खेळाबरोबर मराठी लेखनही करायचे असेल, तर देवनागरी अक्षरे छापलेला कळफलक शोधत फिरण्याची गरज नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मान्य केलेली इनस्क्रिप्ट मांडणी संगणकात निवडता येते. तीत ‘के’च्या कळीवर ‘क’ आणि शिफ्टसह ‘ख’ मिळतो. इनस्क्रिप्टच्या तमिळ मांडणीतही त्याच कळीवर तमिळ ‘क’ आहे, मात्र तमिळनाडूत ‘तमिळ ९९’ ही वेगळी मांडणी अधिक रूढ आहे. अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावता येतात. पण त्या खालून येणारा प्रकाश झाकतात. तेव्हा दिव्यांचे पैसे वाचवून साधा कळफलक घेतलेला बरा. पावतीवर वस्तूचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटीची मुदत संपेपर्यंत खोका टाकू नका.