‘वार लागणे’ : दोन क्रीडापद्धतींतील अर्थभेद
गायगॅक्स व आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात निःकवच प्रतिपक्ष्यावर वार लागण्यास नवख्या योद्ध्याला वीस बाजूंच्या फाशावर किमान १० पडावे लागतात. प्रतिपक्ष्याजवळ पूर्ण चिलखत व ढाल असल्यास १७. अर्थात चिलखतावर आदळून निष्फळ ठरलेला वारही येथे ‘चुकला’ असाच गणला जातो. ‘लागला’ म्हणजे ‘इजा झाली’. ‘रूनक्वेस्ट’मध्ये (१९७८) मात्र वार साधणे, तो अडविला जाणे व तो कोणत्या अवयवावर बसला, हे निरनिराळ्या फाशांनी ठरते, चिलखत केवळ इजा कमी करते. यामुळे खेळ रेंगाळतो खरा. परंतु क्रियापदाचा व्यवहारातील अर्थ शाबूत राहतो. ढालीवर खणखणलेला वार ‘चुकला’ कसा, हा नवख्या खेळाडूचा प्रश्न म्हणूनच अज्ञानमूलक मानता येत नाही.