आधी भाषा, मग सेवा

नागपुरात ‘हिस्लॉप’ म्हटले की कॉलेज आठवते. ते ज्याच्या नावाने उभे आहे, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला आणि दुसऱ्या वर्षी त्याने शाळा काढली. धर्मोपदेश हे त्याचे नेमून दिलेले काम. पण गावोगाव फिरताना त्याने दोन गोष्टी झपाटल्यासारख्या गोळा केल्या: जीवाश्म आणि गोंडांची गाणी. गोंडांचा लोकनायक लिंगो याची कथा त्याने एका परधान भाटाच्या तोंडून ऐकली आणि तिचा गोंडी पाठ रोमन अक्षरांत उतरवून घेतला. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहून परतताना तो ओढ्याच्या पाण्यात बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. कॉलेज सुरू झाले ते 1883 मध्ये.

ख्रिस्ती महाविद्यालयात विद्यार्थ्यापुढे तीन वाटा असतात: उपासना, बायबलचा अभ्यास आणि सेवा. पहिल्या दोन आवाराच्या भिंतींआड चालता येतात. तिसरीसाठी गावात जावे लागते, आणि पहिल्या दोहोंतून माणूस काय शिकला ते तिथे कळते. नागपूरपासून आदिलाबादपर्यंतच्या गोंड मुलखात ही कसोटी कशी लागली, याची गोष्ट पुण्यावरून जाते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताची भक्ती इथल्या मातीतल्या रीतीने व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. त्याच हवेत इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला. खादी, शाकाहार, जमिनीवरची बैठक आणि नेमाची प्रार्थना असा तिथला शिरस्ता. 1927 मध्ये ऑक्सफर्डचा तरुण धर्मपंडित व्हेरिअर एल्विन संघाच्या पुण्यातल्या आश्रमात दाखल झाला. तिथे त्याला शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती सोबती भेटला. गांधीवादी उद्योगपती जमनालाल बजाजांनी गोंडांकडे बोट दाखवले आणि 1932 मध्ये दोघे मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले.

खरा पेच तिथे सुरू झाला. नागपूरचे बिशप अ‍ॅलेक्स वूड यांना धर्मप्रचार हवा होता. गोंडांना ख्रिस्ती करणे हा आपला हेतू नाही, यावर एल्विन ठाम होता. 1935 मध्ये तो चर्चमधून बाहेर पडला. मात्र या कथेचा नायक एकटा एल्विन नव्हे. दवाखाना, शाळा, कुष्ठधाम, भांडणतंटे यांचा रोजचा रगाडा शामरावांनी उपसला. लोक एल्विनला ‘बडाभाई’ आणि शामरावांना ‘छोटाभाई’ म्हणत. ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ (1935) आणि ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ (1944) या गोंड गीतसंग्रहांवर दोघांचीही नावे आहेत. शामरावांनी स्वतंत्रपणे परधानांवर ग्रंथ लिहिला, तो 1946 मध्ये आला. औषधाची बाटली देणाऱ्या हाताने गाणेही लिहून घेतले, म्हणून समोरचा माणूस केवळ रोगी उरला नाही. तरीही सेवेकरी सत्तेपासून मुक्त नसतो. एल्विनने 1940 मध्ये कोसी या गोंड मुलीशी लग्न केले, ते 1949 मध्ये मोडले, आणि त्याची किंमत तिने मोजली.

याच काळात निजामी आदिलाबाद पेटला होता. जमीन आणि जंगल यांच्या हक्कासाठी लढणारा कोमराम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेला. गोंड का उठले, हे समजून घेण्याची गरज निजाम सरकारलाही भासली. त्यासाठी एल्विनचे स्नेही असलेले ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी त्याच मुलखातल्या मारलवाई गावात गवती छपराच्या घरात राहिले. हे मिशनरी नव्हेत. पण 1943 मध्ये तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडले, तेव्हा पहिली अट भाषेचीच होती. गोंडी वाचनपुस्तके तयार झाली, आणि ती देवनागरीत छापली गेली. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. किनवट आणि राजुरा 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज गोंडांचे वंशपरंपरागत भाट असलेले तिथले परधान घरात मराठी बोलतात आणि यजमानाच्या दारी गोंडी महाकथा गातात. हिस्लॉपने ज्याच्याकडून ऐकले, त्याच जमातीचा हा वारसा. गोंडीतून शिकवणे पुढे टिकले नाही. शाळा राज्यभाषेकडे वळल्या. बेटी 1987 मध्ये वारल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे.

आज ख्रिस्ती महाविद्यालयांत बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नसतात, आणि सेवेचा मुख्य मार्ग 1969 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना हा असतो. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर. चांद्याच्या धर्मप्रांतातून 1999 मध्ये आदिलाबादचा सिरो-मलबार धर्मप्रांत वेगळा निघाला. त्याचे पीठ मंचेरियालला आहे. म्हणजे चर्चही तिथे आहे, आणि राष्ट्रीय महामार्गाने नागपूरही फार दूर नाही. 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला जागा नाही.

सात दिवसांत रस्ता साफ होतो, झाडे लागतात, समारोपाचा फोटोही निघतो. हिस्लॉपने, शामरावांनी आणि मारलवाईच्या शिक्षकांनी केले ते याहून सावकाश होते: आधी शिकणे, मग शिकवणे. महाविद्यालयाने शिबिराआधी एक सत्र गोंडी शिकवावी, त्यासाठी परधानाला मानधन देऊन वर्गात आणावे आणि 240 तासांतले निम्मे त्यासाठी मोजावेत. यात धर्माला धोका नाही. उलट, शेजाऱ्यावर प्रीती कर असे सांगणाऱ्या धर्माला शेजाऱ्याची भाषा न येणे हीच अडचणीची गोष्ट आहे. जिथे विद्यार्थी स्वतः काही शिकत नाही, त्या कामाला सेवा म्हणणे महाविद्यालयांनी थांबवावे.