दोन हुकूम, एक तार

गेल्या वैशाखांतली गोष्ट. राहुरी तालुक्यांतील आमच्या मळ्यावर पुतण्यानें विहिरीच्या मोटरीसाठीं एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक स्वतः तयार केला. विहिरींतलें पाणी तळाला गेलें किंवा टाकी भरली, तर मोटर आपोआप थांबावी, एवढीच अपेक्षा. दोन लॉजिक गेटांचे हुकूम त्यानें एकाच तारेवर जोडले. आठ दिवसांत आयसी तापून निकामी झाली, ‘थांब’ हा हुकूम पोंचेना, आणि कोरड्या विहिरीवर मोटर जळाली. घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलाला बोल लावला. परंतु बोल लावण्याहून चूक समजून घेणें अधिक हिताचें, म्हणून हा प्रपंच.

गेटानें केलेला निर्णय बाहेर पोंचविण्याचें काम त्याच्या शेवटच्या टप्प्याचें असतें. १९६० नंतरच्या दशकांत रूढ झालेल्या ७४०० मालिकेंत तेथें दोन ट्रँझिस्टर एकावर एक असतात. वरचा तारेला ५ व्होल्टांकडे ओढतो, खालचा शून्याकडे. हौदाला वर तोटी व खालीं मोरी असावी, तसेंच हें. एक उघडी असतां दुसरी बंदच पाहिजे. खालचा ट्रँझिस्टर १६ मिलिअँपिअर प्रवाह रिचवितो. वरच्याची हमी अवघ्या ०.४ मिलिअँपिअरची. हुकूम बदलतांना दोघेहि क्षणमात्र उघडे राहतात. तो झटका सोसण्यासाठीं आयसीशेजारीं ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवितात.

आतां आमची चूक उघड होते. टाकीचें गेट ‘चाल’ म्हणून तार वर ओढी, विहिरीचें गेट ‘थांब’ म्हणून खालीं. एकाची तोटी आणि दुसऱ्याची मोरी तासन्‌तास एकदम उघडी! प्रवाह त्या दोघांतूनच वाहिला आणि उष्णता वाढली.

यावर उपाय आहे. ७४०३ या आयसींत वरचा ट्रँझिस्टरच नसतो. त्यास ओपन कलेक्टर म्हणतात. तारेला एक रेझिस्टर हलकेंच वर धरून ठेवतो, आणि कोणतेंहि एक गेट तिला खालीं ओढूं शकतें. एकत्र कुटुंबांत एका वडिलांचा नकार पुरतो, होकार मात्र सर्वांच्या मौनानें ठरतो, तशीच ही रीत. संगणकांत तिसरी तऱ्हाहि असते. ज्याची पाळी नसेल तें गेट दोन्ही ट्रँझिस्टर बंद करून तार सोडून देतें.

पुतण्यानें नियंत्रक पुन्हां जुळविला. या ज्येष्ठांत विहीर दोनदां तळाला गेली. दोन्ही वेळां मोटर वेळींच थांबली. मोटरीचा खर्च भरून निघाला नाहीं, पण धडा घरांत राहिला.