दोष कानाचा की वाद्याचा?

इलेक्ट्रिक गिटार तुम्ही ऑर्केस्ट्राच्या मंचावर किंवा वाद्यांच्या दुकानात पाहिली असेल. एखाद्या मुलाला या वाद्याची आवड लागते. वडील पैसे साठवून त्याला एक स्वस्त गिटार आणून देतात. मुलगा महिना दोन महिने मन लावून सराव करतो. पण सूर काही केल्या जुळत नाहीत. आज जुळवलेली तार उद्या उतरते. बोटे दुखतात. शेवटी घरातली माणसे म्हणतात, "अरे, तुला सुराचा कानच नाही." गिटार कपाटावर जाते आणि आवड तेथेच संपते.

पण खरोखर दोष कानाचा असतो की वाद्याचा? निकाल देण्यापूर्वी वाद्य तपासून पाहायला हवे.

प्रथम हे वाद्य बोलते कसे, ते समजून घेऊ. सतारीची तार छेडली, की तिचे कंपन घोडीतून तबलीला आणि पोकळ भोपळ्याला पोहोचते व आवाज मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तिच्या पोलादी तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. त्यात लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली, की या वेढ्यांत अतिशय मंद वीजप्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह ॲम्प्लिफायर वाढवतो आणि मग आपल्याला आवाज ऐकू येतो.

म्हणूनच भोपळ्याला तडा गेला, की सतारीचा आवाज बिघडतो. गिटारचे लाकूड मात्र तुटून पुन्हा जोडले आणि तार व पिकअप नीट जागेवर बसले, तर गिटार पुन्हा वाजू लागते. इंग्लंडमधील 'द हू' या वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांचे उदाहरण घ्या. १९६४ साली लंडनजवळच्या हॅरो येथे एका ठेंगण्या छताला आपटून त्यांची गिटार मोडली. पुढे रंगमंचावर गिटार फोडणे ही त्यांची ओळखच झाली. पण अशा फुटलेल्या कितीतरी गिटारी ते सरस लावून जोडत आणि पुन्हा वाजवत. हेच टाउनशेंड १९७२ साली आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले होते. दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद येथे मेहेरबाबांची समाधी आहे, तिच्या दर्शनासाठी ते आले होते. त्याच वर्षीच्या त्यांच्या गीतसंग्रहात 'परवरदिगार' नावाचे एक गीत आहे. त्या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच. टाउनशेंड यांचे फोडणे आपण शिकू नये. जोडणे मात्र अवश्य शिकावे.

आता आपली स्वस्त गिटार समोर घ्या. एक पेचकस, एक पट्टी, एक वही आणि पेन्सिल जवळ ठेवा.

सुरुवात चाव्यांपासून करू. तारा ताणणाऱ्या चाव्यांमध्ये लहान दातेरी चाके असतात. ती ढिली असली, तर तार हळूहळू उतरते. आधी चाव्यांचे स्क्रू घट्ट करून पाहा. तार चावीच्या दांड्यावर दोन-तीन वेढे घेऊन नीट गुंडाळा. सूर जुळवताना तार नेहमी खालून वर चढवा. एवढे करूनही उपयोग झाला नाही, तरच चाव्या बदला. नव्या चाव्या घेण्यापूर्वी जुन्या भोकांचा व्यास मोजा. अंदाजाने आणलेली चावी भोकात बसत नाही आणि लाकूड विनाकारण कोरावे लागते.

मानेच्या टोकाशी खाचा असलेली एक छोटी पट्टी असते. तिला नट म्हणतात. खाच अरुंद असली, की तार तीत अडकते. चावी फिरवली तरी ती सरकत नाही, आणि मग अचानक निसटते. यावरचा पहिला उपाय जवळजवळ फुकटचा आहे. मऊ पेन्सिलीचे शिसे त्या खाचेत घासा. तार गुळगुळीत सरकू लागेल.

मानेवरील धातूच्या पट्ट्यांना सतारीप्रमाणे आपण पडदे म्हणू. त्यांची टोके बोटांना टोचत असतील, तर बारीक कानशीने ती हलक्या हाताने घासा. तार बाराव्या पडद्यापासून किती उंच आहे, तेही मोजा. ही उंची सुमारे दोन मिलिमीटर असली, की वाजवणे सोपे जाते. तार फार उंच असेल, तर ती दाबताना बोटे दुखतात आणि जास्त ताण पडून सूरही चढतो. उंची कमी करण्यासाठी घोडीवर बारीक स्क्रू असतात.

सुरांचा खरा हिशेब या घोडीपाशीच होतो. पुष्कळ गिटारींत तारेची लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते. बारावा पडदा तिच्या मध्यावर, म्हणजे नटपासून ३२४ मिलिमीटरवर असतो. तारेची लांबी निम्मी झाली, की कंपनांची संख्या दुप्पट होते आणि खालचा 'सा' वरचा 'सा' होतो. तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात ऐकू आला पाहिजे. तो चढा लागला, तर घोडीचा तो भाग मानेपासून दूर सरकवा. उतरलेला लागला, तर मानेकडे आणा. एक-दोन मिलिमीटरचा फरक. पण बेसूर वाटणारी गिटार त्याने सुरात येते.

घोडीचे स्क्रू लाकडात सैल झाले असतील, तर भोकात सरस लावलेली आगपेटीची काडी घाला. सरस वाळू द्या आणि मग स्क्रू पुन्हा बसवा. अंगाच्या कडा हाताला रुतत असतील, तर सँड पेपरने गोल करा. मात्र नाकातोंडावर रुमाल बांधा. मान जेथे अंगाला जोडलेली असते, तेथील लाकूड अजिबात घासू नका. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. ॲम्प्लिफायर कधीही उघडू नका. त्यात घरातील २३० व्होल्ट वीज येते. ते काम जाणकाराचे आहे.

घोडीवरचा हा बारीक हिशेब महाराष्ट्राला नवा नाही. सांगली जिल्ह्यातील मिरज शहर सतारी आणि तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शिकलगार घराणी पूर्वी शस्त्रांना धार लावत. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी घटली, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने वाद्ये बनवण्यास सुरुवात केली. पंढरपूरच्या परिसरात पिकणारे मोठे भोपळे त्यांच्या कामी आले. हे कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानशीने अगदी थोडाथोडा घासतात, तार छेडतात, ऐकतात आणि पुन्हा घासतात. या कामाला जवारी काढणे म्हणतात. एक घास जास्त झाला तरी आवाज बदलतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानामागे कानशीचे असे लाखो हलके हात आहेत.

चांगल्या वाद्याला महागडे सामानच लागते, असेही नाही. इंग्लंडमधील ब्रायन मे या मुलाने १९६३ साली वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. मानेसाठी त्याने जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. मोटारसायकलच्या स्प्रिंगा घोडीखाली बसवल्या. मानेवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे घेतली. काम पुरे व्हायला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे 'क्वीन' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात तो हीच गिटार वाजवू लागला. या वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीत झाले होते.

तेव्हा कपाटावरची गिटार खाली काढा. एका वेळी एकच बदल करा. आधीचे माप वहीत लिहून ठेवा, म्हणजे चुकल्यास मागे फिरता येईल. प्रत्येक बदलानंतर तार छेडून लक्षपूर्वक ऐका. असे काम करता करता कानही तयार होतो. वाद्य दुरुस्त झाल्यावरही सूर चुकला, तर तो दोष आपला समजा. त्याला कानस लागत नाही. तो सरावाने जातो.